कोयनेलची गोणी

सिकंदराबाद, ता. ३ जुलै १९३८

ती. पारूआक्काच्या पायावर सटवाचं डोकं.

पत्र तांड्यातला आपला भीमसिंग वाचून दाखवील. भीम्या, मधलं काही गाळू नको, अन पदरचं घालू नको. चार यत्ता तू शिकला, दोनच मी, तरी तुझी लबाडी मला इथूनही दिसते.

आक्का, कामाचं लिहितो. पाच वर्षं झाली, मी गुलाबचंद शेठच्या दवाईच्या वखारीत हाय. काम एकच. शिश्या गवतात गुंडाळायच्या, खोक्यात उभ्या करायच्या, वर फळी ठोकायची अन काळ्या रंगाच्या कुंच्यानं टेसनाचं नाव लिहायचं. नांदेड, पूर्णा, परभणी. वर्षातून तीनदा हिंगोली. हिंगोलीच्या पुढं काही लिहायचं काम कधी पडलं न्हाई. रेल तिथून आपल्याकडं वळत न्हाई, अन माल रेलच्या बाहेर जात न्हाई.

गेल्या दसऱ्याला तुझा ल्योक सोनाजी तापानं गेला. भीम्याचं पत्र आलं त्या दिशी मी कोयनेलची, म्हंजे थंडीतापाच्या दवाईची, बारा खोकी ठोकून मोकळा झालो होतो. हाताला कडू वास येत होता. बारा खोकी, आक्का. अन आपल्या गावात एक थेंब न्हाई. तव्हापासून खिळा ठोकला की मला तेच आठवते. ह्याच्यावर जास्त लिहीत न्हाई. तुलाही बोलायला आवडत न्हाई, ठाऊक हाय.

मी शेठला म्हणलो, "हिंगोलीच्या पुढं माल मी पोचवतो."
तो हसला. "अरे सटवा, दवाई शहर में बिकती है. जंगल में कौन लेगा?"
म्हणलं, "बुखार जंगल में ही रहता है, शेठ."
मुनीम खो खो हसला. शेठ हसला न्हाई. आठ दिवसांनी बोलावलं अन म्हणला, "तीन पेटी देतो. दिवाळी तक. पेट्या रिकाम्या होऊन परत आल्या तर वरसभर माल. न्हाई तर पुन्हा माझ्यासमोर तोंड उघडायचं न्हाई, खिळे ठोकायचे."

तर असं करू. खोकी हिंगोली टेसनात उतरतील. भीमसिंगच्या बैलावर शिरडला येतील. तुझ्या घरी राहतील, कारण तीस गावं तुझ्या हातावर इसवास ठेवतात. काविळीची पत्ती घ्यायला माणसं बसमतहून तुझ्या दारात येतात, मग तापाची शिशी काहून घेणार न्हाईत? भीम्यानं मग तांड्यातांड्यावर, कळमनुरीच्या बाजारात, वारंग्याकडं माल फिरवायचा. मी इथून पाठवीत राहतो.

न्हाई म्हणू नको. मी शब्द देऊन बसलो हाय.

तुझा सटवा

---

शिरड शहापूर, नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी

चि. सटवास पारूबाईचा आशीर्वाद.

मी सांगते अन भीमसिंग लिहून राहिला.

खोकी पोचली. एकही शिशी फुटली न्हाई. गवत लई चांगलं भरलंस, ते म्हशीला टाकलं. आतल्या खोलीत माच्यावर ठेवली हायेत, खाली ओल चढते म्हून.

प्रत्येक शिशीवर तू छापील चिठ्ठी डकवलीस. भीमसिंगनं वाचून दाखवली. 'शिरडच्या पारूबाईच्या हातची दवा. हमखास गुण.' छापायच्या आधी मला इचारलं अस्तंस तर बरं झालं अस्तं. असू दे.

काम चालू हाय असं समज. तू पोटभर खातोस का? मागच्या खेपेला आलास तव्हा पाठीची हाडं मोजता येत होती. ज्वारीची भाकर मिळत न्हाई म्हून उपाशी राहू नको, भात खा.

पारूबाई

---

सिकंदराबाद, ता. १० ऑगस्ट १९३८

ती. आक्का,

पत्र वाचून मी वखारीतच उडी मारली. मुनीम म्हणला, "काय लॉटरी लागली का रे?" म्हणलं, लॉटरी लागत न्हाई, लावावी लागते.

कंपोंडर साहेबाला दोन दिवस पान खाऊ घालून सम्दं इचारून घेतलं. नीट ऐक. थंडी वाजून ताप येतो, घाम फुटून उतरतो, पुन्हा येतो, त्यालाच कोयनेल. शिशीवर कागदाच्या खुणा चिकटवल्या हायेत, एका वेळी एक खूण. रिकाम्या पोटी न्हाई. कान वाजू लागले तर भिऊ नका, पर थांबा. अन पोटुशी बाईला डाक्टराला दाखवल्याबिगर थेंबही देऊ नका. हे भीम्या, तू तीनदा वाच. खोक्यात जखमेचं टिंचरही हाय, ते फक्त वरून लावायचं. मागं एकानं प्याल्याचं कंपोंडर सांगत होता, पुढचं त्यानं सांगितलं न्हाई.

आक्का, मी रोज एकच चित्र पाहून राहिलो. हिंगोली टेसनाच्या बाजूला एक खोली. आत फळ्या, फळ्यांवर शिश्या. बाहेर पाटी, पाटीवर तुझं नाव. आणखी शंभर चिठ्ठ्या छापून पाठवतो. खोक्यांवर, बैलाच्या झुलीवर, जिथं दिसतील तिथं लावा.

किती शिश्या गेल्या ते या खेपेला लिही.

सटवा

---

तांडा, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी

सटवाभाऊस भीमसिंगचा रामराम.

हे पत्र आक्काला ठाऊक न्हाई. तिनं सांगितलेलं मी लिहितो, पर तिनं न सांगितलेलं आज माझ्या मनानं लिहून राहिलो. राग आला तर माझ्यावर काढ.

एकही शिशी गेली न्हाई. खोली बंद हाय, कुलूप हाय, किल्ली आक्काच्या कमरेला हाय. तुझ्या शंभर चिठ्ठ्या, अन शिश्यांवरच्या खरवडून काढलेल्या, तिनं चुलीत घातल्या. मी समोर बसलो होतो. एकेक करून घातल्या, जशी पोळी लाटते तशा सावकाश.

तुला एक ठाऊक असून तू इसरलास. तिची सासू मरताना काविळीची पत्ती तिच्या हातात देऊन गेली, तव्हा शपथ घालून गेली. दाम घ्यायचा न्हाई. रोग्याच्या घरची सुपारी न्हाई, पाणीसुदा न्हाई. घेतलं की हाताचा गुण गेला. सोळा वर्षं ती हे पाळून राहिली. जवळा गावच्या पाटलानं लुगडं आणलं होतं, ते तिनं त्याच्याच बैलाच्या शिंगाला बांधून परत पाठवलं. अन तू तिचं नाव शिशीवर छापून बाजारात मांडलं.

खोकी उतरवताना दोन चिठ्ठ्या रस्त्यात पडल्या. बस. त्या गावभर फिरल्या. नागपंचमीनंतर मिराबाई आपल्या पोराला घेऊन आली. पोराचे डोळे हळदीसारखे. दारापातूर आली अन थांबली. म्हणली, "पारूबाय, आता किती द्यायचे?"
आक्का म्हणली, "कधी घेतले का ग मी?"
मिराबाई म्हणली, "तव्हा न्हाई घेतले. आता तुमचा हात छापून आलाय म्हनं." अन पोराचा हात धरून माघारी गेली.

त्या दिसापासून पत्तीसाठी कोणी आलं न्हाई. आक्का सकाळी अंगण झाडते अन उंबऱ्यात बसून राहते. कोणी येत न्हाई. तुला काही लिहू नको म्हणली. "पोरगं परमुलखात हाय, त्याचं मन मोडू नको," हेच तिचे शब्द.

काल पोळ्याला मी माझा ढवळा सजवला. आक्कानं त्याला पुरणाची पोळी चारली अन त्याच्या कानात काहीतरी बोलली. मला ऐकू आलं न्हाई.

भीमसिंग

---

सिकंदराबाद, ता. ४ सप्टेंबर १९३८

ती. आक्कास,

भीम्याला रागवू नको. त्यानं लिहिलं नसतं तर मी गाढव ते गाढवच राहिलो असतो. आधी मला राग आला होता, खरं लिहितो. तीन दिवस पत्राला हात लावला न्हाई. म्हणलं, लेकरू गेलं तरी हिची शपथ जात न्हाई. मग चौथ्या दिशी तुझ्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. लोक पाच वर्षं मला खिळेवाला म्हणतात, त्याचं मला काही वाटत न्हाई, कारण ते नाव माझं न्हाईच. तुझं नाव मात्र तुझंच हाय. ते मी न इचारता उचललं. माझं चुकलं. इथं उरलेल्या चिठ्ठ्या मी फाडल्या, अन छापखान्यातला ठसाही आणून मोडला.

पर आक्का, काम सोडणार न्हाई. हे रागानं लिहीत न्हाई. कोयनेल झाडाला लागत न्हाई आपल्या रानात. लांबच्या मुलखातून साल येते, कारखान्यात कुटते, रेलनं येते. पत्ती तू रानातून तोडतेस, ती फुकट द्यायला तू मालक. शिशी फुकट देली तर दुसरी येणार न्हाई. एकदाच देऊन पुण्य मिळवायचं का दरसाल देत राहायचं, एवढंच मी इचारून राहिलो.

खोकी तुझ्या घरातून काढ. भीम्या, तू तांड्यात ने. तुझं नाव, तुझं घर, तुझा हात, काही लागणार न्हाई. कसं करायचं ते मला अजून सुचलं न्हाई. सुचेल. दसरा जवळ येऊन राहिला, आक्का. ताप कोणाला सुचायची वाट पाहत न्हाई.

सटवा

---

शिरड शहापूर, सर्वपित्रीनंतर दोन दिवसांनी

चि. सटवास आशीर्वाद.

कुलूप मी माझ्या हातानं काढलं. कसं ते ऐक.

सोनाजीचं पान वाढून झालं अन भीमसिंग पळत आला. तांड्यात अकरा माणसं थंडीनं कुडकुडून राहिली, त्यात त्याची माय नानीबाई. म्हणला, "आक्का, खोकी नेऊ का?" मी म्हणलं, "तू काय नेतोस? दे इकडं." अन त्याच्या ढवळ्याच्या मागं मागं चालत गेले. ह्या पायांनी एवढ्या लगबगीनं मी गेल्या साली चालले अस्ते, तर. पर तव्हा न्यायला काय होतं?

खुणा पाहून एकेक घोट देला. बाकीचे तोंड वाकडं करून प्याले. नानीबाईनं मात्र शिशी हातात घेतली अन इचारलं, "दाम?" मी म्हणलं, "माझ्या हातून दाम न्हाई." तर ती तापानं फणफणलेली बाई उठून बसली अन म्हणली, "मंग मी पीत न्हाई. लमाणाचा तांडा भीक घेत न्हाई."
मी म्हणलं, "मरशील ग."
ती म्हणली, "मरीन. पर फुकट मरणार न्हाई, अन फुकट जगणारबी न्हाई."
सटवा, एक घेऊ शकत न्हाई, अन दुसरी देल्याबिगर पीत न्हाई! दोघी बसलो एकमेकींकडं पाहत. भीमसिंग कपाळ धरून उभा.

मग म्हातारीची नजर ढवळ्याकडं गेली. त्याच्या पाठीवर दोन्ही अंगाला गोणी लोंबत होती. एकीकडं खोक्यातल्या शिश्या, दुसरीकडं वजन सारखं राहावं म्हून भीमसिंगनं धोंडे भरले होते. अकरा शिश्या काढल्या तशी शिश्यांची बाजू वर गेली अन धोंड्याची खाली. बैल पाठ आवळून उभा होता. नानीबाई पोरावर ओरडली, "भीम्या, काहून बैल मारून राहिला? गोणी कलली, दिसत न्हाई का? पाठ सोलून निघंल त्याची!" अन पोराला शिव्या देता देता ती थांबली. जराशानं सुनेला म्हणली, "घरातले उडीद आण. ज्या अंगाची दवा काढली त्या अंगाला भर. बैल बराबर होऊ दे."

सुनेनं पायली भरून टाकले. आता ती बाजू जड झाली. शेजारच्या जमनाबाईनं तिच्या शिशीसाठी दुसऱ्या अंगाचे धोंडे काढून मूग टाकले. असं करत करत अकरा घरांनी दोन्ही बाजू भरल्या. दवाईचे दाम कोणी देले न्हाईत. कोणी घेतले न्हाईत. बैलाची पाठ सांभाळली.

नानीबाई मग एका दमात तिचा घोट प्याली अन मला म्हणली, "माझ्या आज्यानं ह्याच वाटेनं मीठ नेलं. बैलाला काय लागतं ते लमाणाला इचारावं, पत्तीवाल्या बाईला न्हाई."

खोकी आता तांड्यातच राहतील. मी फक्त कोणाला किती ते सांगते. भीमसिंग हे लिहिताना हसून राहिला, त्याला सांग, माझ्या पत्रात दात दाखवू नको म्हून.

पारूबाई

---

सिकंदराबाद, ता. ५ ऑक्टोबर १९३८

ती. आक्का अन भीम्या,

परवा दसऱ्याला शेठ खुशीत होता, म्हून त्याला ही गोणीची गोष्ट सांगितली. त्यानं तंबाखू मळता मळता ऐकली. म्हणला, "बैल को हिसाब आता है क्या?" म्हणलं, "बैलाला वजन कळते, शेठ. तुमच्या तराजूला कळते तेवढंच." म्हणला, "दिवाळी तक देखते हैं. पेट्या आल्या पाहिजेत."

भीम्या, धान्य कळमनुरीच्या बाजारात मोड अन जे येईल त्याची मनीऑर्डर शेठच्या नावानं कर, माझ्या नावानं नको. ढवळ्याला खुराक त्यातूनच. त्याच्या पायाला नाल मार. आता तो नोकरीला लागला हाय.

आक्का, नानीबाईला माझा दंडवत सांग. मी महिनाभर डोकं खाजवलं, अन तिनं तापात, शिव्या देता देता सोडवलं.

शिरडच्या पुढं जा. वारंग्यापातूर जा. थांबू नका.

सटवा

---

तांडा, धनत्रयोदशी

सटवाभाऊ,

जाऊन आलो! वारंगा झालं, मधले चार तांडे झाले, कळमनुरीचा बाजार दोनदा झाला. आता ढवळ्याच्या गळ्यात घागरमाळ घातली हाय. आवाज आला की बाया घरातून सूप घेऊनच निघतात. पोरं ओरडतात, "कोयनेलचा बैल आला!" ढवळा मान अशी वर करून चालतो की जसा तहसीलदार.

गंमत ऐक. बाजारात एका कुणब्यानं दोन शिश्या घेतल्या अन ऐट दाखवायला अर्धी पायली जास्त तूर टाकली. गोणी एका अंगाला झुकली. मागचा म्हणला, "आता मला काहून जास्त टाकावं लागून राहिलं?" म्हणलं, "मला इचारू नको, बैलाला इचार." त्यानं बैलाच्या तोंडाकडं पाहिलं, शिवी देली अन टाकली. ज्याच्या घरी दाणा न्हाई, त्यानं गवताची पेंढी वर बांधली. एका बाईजवळ तेही नव्हतं, तिनं ढवळ्याची पाठ थापटली. आक्कानं तिलाही शिशी द्यायला लावली. म्हणली, "झालं बराबर." बराबर कसं झालं मला कळलं न्हाई, पर मनीऑर्डर कमी पडली न्हाई, शेठला इचार.

मिराबाई परत आली. पोराची कावीळ उतरली नव्हती. आली ती सरळ उंबऱ्याच्या आत. म्हणली, "पारूबाय, बैल येगळा अन तुमी येगळ्या, हे आता गावाला कळलं." आक्कानं पत्ती देली. पाणीसुदा घेतलं न्हाई. आता पुन्हा सकाळी दारात चारपाच माणसं बसतात.

आता एक तुझ्यापासून लपवलेलं. आक्कालाच ताप भरला होता, आठ दिस. तुला कळवू देत नव्हती. कोयनेल घे म्हणलं तर म्हणे, "मी देणारी, मी कशी घेऊ?" तिसऱ्या पाळीला ताप एवढा चढला की सोनाजीला हाका मारू लागली. ते ऐकून माझी याडी, नानीबाई, तिच्या उशाशी जाऊन बसली अन म्हणली, "पारू, तुझी शपथ देणाऱ्याची हाय. आजारी माणसाला कोणी शपथ घातली न्हाई."

आक्का उठली. भिंतीला धरून अंगणात आली. उतरंडीतून दोन मुठी मूग काढले होते, ते स्वतःच्या हातानं गोणीत टाकले. मला म्हणली, "शिशी काढ." प्याली. तोंड एवढं वाकडं केलं की मी हसलो, अन ती तापातही मारायला धावली. आता बरी हाय. भाकरी खाते, शिव्या देते.

तिन्ही खोकी काल हिंगोलीला रेलमधे चढवली. रिकामी. आत गवत भरून पाठवलं, तुला पुन्हा लागेल म्हून.

ते दोन मुठी मूग मी वेगळ्या फडक्यात बांधून ठेवले हायेत. काय करू सांग.

भीमसिंग

---

सिकंदराबाद, ता. १ नोव्हेंबर १९३८

ती. आक्काच्या पायावर डोकं.

खोकी पाडव्याच्या दुसऱ्या दिशी आली. शेठनं एकेक उलटी करून पाहिली. तिसऱ्या खोक्यातून चार उडीद पडले. ते उचलून त्यानं खिशात ठेवले अन मला म्हणला, "सटवा, फळी आण."

आज सहा खोकी ठोकली. शेठ मागं उभा होता. कुंचा रंगात बुडवला अन हिंगोली लिहिलं. मग त्याच्या खाली, पाच वर्षांत पहिल्यांदा, पुढची नावं लिहिली. शिरड शहापूर. कळमनुरी. वारंगा. जागा कमी पडली, म्हून शेवटचं अक्षर वळवून लिहिलं. माणसाचं नाव कुठंच न्हाई, आक्का. खाली बैल काढला. माझ्या हातानं तो शेळीसारखा झालाय, पर शिंगं बराबर हायेत.

मी या खोक्यांसंगं येऊन राहिलो. पुढच्या सोमवारी हिंगोलीला उतरतो. टेसनाजवळच्या एका खोलीचं पत्रानं ठरवलं हाय, पाटीबिगरची. मी तिथं बसणार, माल उतरवणार, पुढं तुमचा बैल. एका ढवळ्यानं आता भागणार न्हाई, तांड्याच्या नेमसिंग नाईकाला त्याच्या दोन बैलांचं इचारून ठेवा. तुला ताप आला ते मला कळवलं न्हाईस, त्याचं भांडण आल्यावर करू. तयारीत राहा.

भीम्या, आक्काचे मूग वेगळे बांधून ठेवू नको. फडकं सोड अन गोणीत मिसळ. पुढच्या बाजारात सगळ्यांच्या दाण्यांसंगं मोड. तिनं बैलाची पाठ सांभाळली, बैलानं तिला शिशी देली. तिच्या हातचे मूग देव्हाऱ्यात ठेवले तर पुढची शिशी कुठून आणशील?

सटवा